८६ गुण आम्हाला, काम ७१ वाल्याला. सल्लागार निवडतात तरी कसे?

बीमकॉलम

कराडला माझं लहानसं ऑफिस आहे. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, सोबत एक ड्राफ्ट्समन आणि गेल्या वर्षी पास झालेली एक मुलगी. जवळच्याच एका नगरपरिषदेने नाट्यगृहासाठी सल्लागार नेमायची निविदा काढली होती. अंदाजित खर्च १८ कोटी. सर्वे, माती परीक्षण, नकाशे, आरसीसी डिझाइन, एसएसआरप्रमाणे (सरकारी दरसूचीप्रमाणे) अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणून देणं, डीटीपी म्हणजे निविदेच्या कागदांचा मसुदा, आणि वर बांधकाम संपेपर्यंत देखरेख. सगळं एकाच फीमध्ये.

कोल्हापूरच्या एका आर्किटेक्ट मित्राला पुढे ठेवून आम्ही भरली. अकरा दिवस त्यात गेले. जुन्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले गोळा करायला तीन ऑफिसांत खेटे, सीएकडून तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला, नोटरी, आणि शेवटच्या रात्री डीएससी (डिजिटल सही) चालेना म्हणून साडेअकराला सातारच्या एका पोराला झोपेतून उठवलं. सादरीकरणात मित्राने शेवटच्या रांगेतून रंगमंचावरच्या माणसाची पावलं दिसतील अशी चढण कशी काढली ते छान समजावलं. समितीतल्या एकाने विचारलं, "पार्किंगला पेव्हर ब्लॉक धरलेत ना?" धरले होते.

तांत्रिक गुण: आम्ही ८६, पुण्याची एक फर्म ७८, तिसरा एकजण ७१. पास व्हायला ७० लागत होते. मग आर्थिक लिफाफे उघडले. आम्ही २.७५ टक्के, पुणेकर २.१, आणि तिसऱ्याने ०.९. काम ०.९ ला गेलं.

निविदेत तर स्पष्ट लिहिलं होतं की गुणवत्तेला ७० आणि फीला ३०. मग पंधरा गुणांनी पुढे असून आम्ही हरलो कसे? आकडेमोडीत गडबड झाली असेल का? आणि ०.९ टक्क्यांत हे सगळं कुणाला परवडतं, हे कुणी सांगेल का?

मोजमापवही

सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालोय, पैकी शेवटची काही वर्षं प्रतिनियुक्तीवर एका नगरपालिकेत होतो. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

गडबड काही नाही. गणित बरोबर आहे, आणि खोट त्या गणितातच आहे. कागद घे.

फीचे गुण असे काढतात: सगळ्यात कमी फीला १००, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे ०.९ वाल्याला १००. तुला ०.९ भागिले २.७५, म्हणजे ३२.७. आता ७०:३० लाव. तुझे ८६ चे ७० टक्के ६०.२, अधिक ३२.७ चे ३० टक्के ९.८, एकूण ७०. त्याचे ७१ चे ४९.७ अधिक पूर्ण ३०, एकूण ७९.७. जवळजवळ दहा गुणांनी हरलास.

आता तू म्हणशील, ८०:२० हवं होतं. तेही लावून बघ. तुझे ७५.३, त्याचे ७६.८. तरी हरलासच! तांत्रिक गुण देताना समिती सगळ्यांना ७० ते ९० च्या पट्ट्यात बसवते. कुणाला ४० द्यायची छाती नसते, तक्रार येते. फीचे गुण मात्र ३२ पासून १०० पर्यंत पसरतात. जिकडे पसारा मोठा, तिकडे निकाल. कागदावर ७० असलं तरी खरा कौल ३० वालाच देतो.

कटऑफ ७५ असता तर हा माणूस दारातच थांबला असता. पण मग सगळ्यात कमी फी पुणेकरांची २.१ झाली असती. तुझ्या फीचे गुण ७६.४, एकूण ८३.१. पुणेकर ५४.६ अधिक ३०, एकूण ८४.६. म्हणजे तरीही तू नाही. कटऑफ ७५ आणि ८०:२० असं दोन्ही असतं तर तू ८४.१ विरुद्ध ८२.४ असा जिंकला असतास. तेव्हा काम गेलं ते सादरीकरणाच्या दिवशी नाही गेलं. त्याच्या दोन महिने आधी, कुणीतरी कॉम्प्युटरवर "७०" टाइप केलं तेव्हाच गेलं.

केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत १९२ वा नियम याच पद्धतीचा आहे. त्यात तांत्रिक बाजूला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं. नगरपरिषदेला ते नियम थेट लागू नाहीत, तिचा १९६५ चा अधिनियम आणि राज्याचे शासन निर्णय वेगळे. पण मसुदे सगळीकडून तिकडूनच उचललेले असतात.

सेंटरिंगवाला

०.९ टक्क्यांत कसं परवडतं ते मी सांगतो. मी ठेकेदार आहे, पलीकडच्या बाजूने बघतो.

नकाशे दुसऱ्या गावच्या हॉलचे असतात. शीर्षकाची चौकट बदलते. आमच्या एका कामात उत्तर दिशेचा बाणही तसाच ठेवला होता, त्यामुळे पोर्च रस्त्याकडे यायच्या ऐवजी नाल्याकडे आला. माती परीक्षणाचे चार बोअर दाखवतात, मारतात एक. डिझाइनमध्ये डोकं चालवायला वेळ नसतो, म्हणून स्टील भरमसाट. देखरेखीला डिप्लोमावालं एक पोरगं, आठवड्यातून एकदा, तेही आमच्याच गाडीतून येतं.

लोकांना वाटतं ठेकेदाराला असला सल्लागार आवडतो. काहींना आवडतो, खोटं कशाला बोलू. अर्धवट अंदाजपत्रक म्हणजे जादा बाबी, आणि ईआयआरएल (जादा बाबींचे दर) व क्लॉज ३८ (वाढीव परिमाणं) वर कितीतरी जणांचे बंगले उभे आहेत. पण मला विचाराल तर प्लिंथला येऊन ड्रॉइंगची वाट बघत वीस माणसं बसवून ठेवायची, हा धंदा नाही. बारबेंडिंगचा मुकादम मला शिव्या देतो, सल्लागाराला नाही.

बीमकॉलम

मोजमापवही, तुम्हाला आप्पा म्हणू का? तो कागद मी मित्राला पाठवला. त्याने फक्त "हम्म" लिहिलं.

सेंटरिंगवाले, आमची फी होत होती ४९.५ लाख, त्याची १६.२. नगरपरिषदेचे ३३ लाख वाचले असं वर्तमानपत्रात आलंसुद्धा. १८ कोटींच्या २ टक्के एवढं स्टील-काँक्रीट फुकट गेलं तर ३६ लाख होतात. हे त्या बातमीत नव्हतं.

चौथा मजला

मी आर्किटेक्ट, नाशिक. मला मुळात नाट्यगृहाचा आर्किटेक्ट फीच्या बोलीवर निवडणंच पटत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली आमची परिषद आहे, तिने फीचे मानदंड ठरवून दिलेत, स्पर्धा कशा घ्याव्यात याची मार्गदर्शक तत्त्वंही दिलीत. टेंडर आणि ईएमडी (अनामत रक्कम) मागू नका अशी पत्रं परिषद सरकारी कार्यालयांना पाठवत असते. कार्यालयं ती फायलीला लावतात. तुम्हा इंजिनिअरांना तर तेवढाही आधार नाही, देशपातळीवर तुमचा असा कायदाच नाही.

डिझाइन स्पर्धा हा खरा मार्ग. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या विस्तारासाठी अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१४ मध्ये स्टीव्हन हॉल यांचं डिझाइन निवडलं गेलं. ते उभं राहिलं नाही ही वेगळी गोष्ट, पण निवड आधी चित्र बघून झाली. उलट दिल्लीत सेंट्रल व्हिस्टाचा, म्हणजे संसद परिसराच्या पुनर्विकासाचा, सल्लागार २०१९ मध्ये ८०:२० ने निवडला, फी २२९.७५ कोटी. खुली स्पर्धा का नाही, यावर आमच्या व्यवसायात केवढं वादळ उठलं होतं आठवत असेल.

मोजमापवही

म्हण की आप्पा.

चौथा मजला, ताई, तुमचं तत्त्व मान्य. पण १८ कोटींच्या नाट्यगृहासाठी स्पर्धा घ्यायची तर परीक्षक मंडळ, बक्षिसं, सहा महिने. आणि निधी ३१ मार्चला परत जाणार असतो. मुख्याधिकाऱ्याची बदली तर त्याही आधी.

मी एक कबुली देतो, आता पेन्शन सुरू आहे. मीच एकदा अशी निविदा एका संध्याकाळीत लिहिली. म्हणजे लिहिली कसली, शेजारच्या गावाची फाइल मागवली आणि गावाचं नाव बदललं. बाराव्या पानावर जुनं नाव तसंच राहिलं, त्यावर निविदापूर्व बैठकीत हशा झाला. दुसऱ्या एका वेळी तर अटींचा मसुदा एका सल्लागारानेच पेनड्राइव्हमध्ये आणून दिला, "साहेब, तुमचा वेळ वाचेल." त्यात अट होती: मागच्या पाच वर्षांत ६०० खुर्च्यांच्या नाट्यगृहाचं एक काम पूर्ण केलेलं असावं. ६००च का? कारण त्याने केलेलं ६२० चं होतं आणि दुसऱ्या एकाचं ५५०. मला ते कळलं होतं. मी आकडा ४०० केला, एवढंच माझं शौर्य. अट काढायला हवी होती.

आणि कमी फीवाल्याला अधिकारी का धरून राहतो, तेही ऐक. तो भ्रष्टच असतो असं नाही. महाग पण चांगला निवडला, तर पाच वर्षांनी ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप, येतो: "जादा दराने नेमणूक केल्याने इतक्या लाखांचं नुकसान." स्वस्त आणि वाईट निवडला, गच्ची गळाली, तर पॅरा ठेकेदारावर येतो. माझ्या एका सहकाऱ्याची पेन्शन अशाच पॅऱ्यापायी दीड वर्ष अडकली होती. त्यानंतर त्या ऑफिसात कुणी एल-वन (सगळ्यात कमी बोलीवाला) सोडून बोललं नाही.

ऑस्टिनकर

मूळचा सांगलीचा, टेक्सासमध्ये पूल-रस्त्यांचं डिझाइन करणाऱ्या फर्ममध्ये आहे. आप्पा, तुमचं पॅऱ्याचं वाचून हसू आलं, कारण इथे नेमकं उलटं आहे. इथे फीची बोली मागणंच बेकायदा.

१९७२ मध्ये, म्हणजे तुमचा वास्तुविशारद कायदा आला त्याच वर्षी, अमेरिकेत ब्रूक्स कायदा झाला. जॅक ब्रूक्स हे आमच्या टेक्सासचेच खासदार. केंद्र सरकारच्या कामासाठी आर्किटेक्ट-इंजिनिअर निवडताना आधी फक्त लायकी बघायची, किमान तीन फर्मांशी चर्चा करायची, क्रमवारी लावायची, आणि मग पहिल्या नंबरवाल्याशी फी ठरवायला बसायचं. नाही जमलं तर ती बोलणी रीतसर बंद करून दुसऱ्याकडे जायचं. टेक्सास राज्याचा स्वतःचा कायदाही तसाच. शहर असो, शाळा-जिल्हा असो, इंजिनिअरला "किती घेशील" हा पहिला प्रश्न विचारता येत नाही.

अर्ज भरायचा तो केंद्राचा ३३० नंबरचा फॉर्म. त्यात माझ्या आवडीचं एक पान आहे: आडवी दहा कामं, उभी माणसांची नावं, आणि कुणी कुठल्या कामावर खरंच होतं त्या चौकटीत फुली. फर्मने मोठा पूल केला असेल, पण तो करणारा माणूस सोडून गेला असेल तर रांग रिकामी दिसते. लगेच उघडं पडतं.

आणि फी ठरवताना सरकारी बाजू हात हलवत येत नाही. किती तास लागतील, कुठल्या दर्जाच्या माणसाचे, याचा त्यांचा अंदाज आधीच तयार असतो. केंद्राच्या कामात नकाशे-डिझाइनच्या फीला बांधकाम खर्चाच्या ठरावीक टक्क्यांची कमाल मर्यादाही आहे.

स्वर्ग नाही हं. नवीन लहान ऑफिसला शिरकाव फार कठीण. अनुभव असेल तर काम, आणि काम असेल तर अनुभव. आम्ही पहिली सहा वर्षं मोठ्या फर्मांचे उपसल्लागार म्हणूनच काढली.

बीमकॉलम

दादा, हे इथे आणलं तर कुणाचा तरी भाचा जिल्ह्यातला सर्वात लायक इंजिनिअर ठरेल, आणि वाटाघाटीला भाच्याचे मामाच बसलेले असतील.

मोजमापवही

म्हणूनच लिफाफा आला ना! आपल्याकडे लिफाफा हे अविश्वासावरचं औषध आहे. गुण आला म्हणून कुणी ते घेत नाही, दुखणं वाढू नये म्हणून घेतात.

मधला रस्ता आहे एक. फी नगरपरिषदेनेच आधी जाहीर करायची, समजा ४० लाख ठोक, आणि तेवढ्यात सगळ्यात चांगलं कोण देतो ते बघायचं. जागतिक बँकेच्या कामांत ही पद्धत जुनी आहे, आणि केंद्रानेही ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत सल्लासेवेसाठी ती मोकळी केली. यात ०.९ वाल्याला खेळायला जागाच नाही. शिवाय ठोक रकमेमुळे दुसरा एक रोग जातो: टक्केवारीत फी असली की अंदाजपत्रक फुगवणाऱ्याला बक्षीस मिळतं. स्टील वाचवणाऱ्या इंजिनिअरची फी कमी होते, हा कुठला न्याय?

तू काय करावंस ते सांगतो. एक, निवड झालीय, तेव्हा माहिती अधिकारात गुणपत्रक माग, प्रत्येक सदस्याने वेगवेगळं दिलेलं. दहा रुपये आणि तीस दिवस. "व्यावसायिक गोपनीयता" म्हणून टाळतील, अपील कर. हे काम परत मिळणार नाही, पण कुठल्या रकान्यात कुणाला किती दिलेत ते कळेल. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, पुढच्या वेळी निविदापूर्व बैठकीला जा. लेखी प्रश्न घेऊन जा. त्या बैठकीला सल्लागार येतच नाहीत, आले तर चहा पिऊन जातात. खरी निवड तिथे होते.

सेंटरिंगवाला

आणि बायोडाटा बघायला लावा. आमच्या तालुक्यात एकच एम.टेक. स्ट्रक्चर माणूस एकाच महिन्यात चार फर्मांच्या कागदांवर होता. बिचाऱ्याला स्वतःला दोनच माहीत होत्या.

बीमकॉलम

आप्पा, सगळ्यांना अपडेट द्यायचं राहिलं होतं. अर्ज टाकला. अपिलानंतर गुणपत्रक मिळालं. "कामाची समज व कार्यपद्धती" या रकान्यात २० पैकी आम्हाला १८, त्याला १६. तो सादरीकरणाला स्वतः आलाच नव्हता, त्याचा माणूस आला होता. जास्त काही लिहीत नाही.

मग दुसऱ्या एका नगरपरिषदेची निविदा आली, भाजी मंडईची, ११ कोटी. मी बैठकीला गेलो. आम्ही चौघेच होतो, त्यातला एक चुकून आलेला, त्याला पाणीपुरवठ्याच्या बैठकीला जायचं होतं. मी पाच प्रश्न लेखी दिले: कटऑफ ७० ऐवजी ७५ करा, ८०:२० करा, फी टक्क्यांऐवजी ठोक घ्या, नेमलेल्या इंजिनिअरचं हमीपत्र घ्या, डिझाइनची तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घ्या. नगर अभियंता तरुण बाई होत्या, त्यांनी एकेक प्रश्न शांतपणे वाचला. म्हणाल्या, "बघते, सगळं नाही जमणार."

परवा शुद्धिपत्रक आलं. कटऑफ ७५ झाला. हमीपत्र आलं. तपासणीही आली. ७०:३० आणि टक्केवारी तशीच राहिली. मी खुशीत मित्राला फोन लावला, आणि बोलता बोलता खालचा पाचवा मुद्दा वाचला. सरासरी वार्षिक उलाढालीची अट ५० लाखांवरून दीड कोटी.

म्हणजे ०.९ वाला बाहेर. आणि त्याच्या मागोमाग मीपण.

मोजमापवही

तो पाचवा मुद्दा कुणीतरी दुसऱ्याने मागितला असणार. बैठकीला तुझ्यासारखा अजून एकजण लेखी घेऊन आला होता का, आठव. असो. पुण्याच्या त्या ७८ वाल्यांना फोन कर, जेव्हीत (संयुक्त भागीदारीत) जा. जेव्ही चालते का ते आधी बघ.

बीमकॉलम

बघितलं आप्पा. पान १४. "संयुक्त भागीदारी ग्राह्य धरली जाणार नाही."

बैठकीत चौथा माणूस होता खरा. काही बोलला नाही. वहीत लिहीत होता.

ऑस्टिनकर

पुणेकरांना तरी फोन कर. उपसल्लागार म्हणून घेतील. आरसीसीचं डिझाइन कुणीतरी करायलाच हवं ना त्यांना.

बीमकॉलम

केला. दीड टक्क्यावर भरायचं म्हणतायत, त्यातले मला ०.३ देतो म्हणाले. विचार करून सांगतो म्हटलंय. प्लॉटरचा हप्ता पाच तारखेला आहे.